कंधारच्या स्पिन्स्टर

कंधारच्या जोहराबीला कुणी ‘काय करता?’ असं विचारलं, तर ती ‘खादी केंद्रात जाते’ असं सांगत नाही. ‘सूत कातते’ असं सांगते. जाणं-येणं काय, बसचा कंडक्टरही करतो. माणसानं हाताचं काम सांगावं, असं तिचं म्हणणं. एकोणिसाव्या वर्षी ती चरख्यावर बसली, आता साठीला टेकली. मधल्या एक्केचाळीस वर्षांत केंद्राचे सात व्यवस्थापक झाले, छताचे पत्रे दोनदा बदलले, जुने लाकडी चरखे जाऊन आठ चात्यांचे लोखंडी चरखे आले. खिडकीजवळची जोहराबीची जागा तेवढी तशीच राहिली. एका व्यवस्थापकानं तिला तिथून हलवायचा प्रयत्न केला होता. ‘उजेड हितं येतो,’ ती म्हणाली आणि उठलीच नाही.

तिचे वडील बाजारात घड्याळं दुरुस्त करायचे. नजर आणि बोटं तिनं त्यांच्याकडून घेतली. बाविसाव्या वर्षी धर्माबादच्या एका घरी तिचा रिश्ता पक्का झाला. मुलगा मिरचीच्या आडतीवर होता, दिसायला बरा होता, आणि जोहराबीला तो आवडलाही होता; हे ती आजही लपवत नाही. निकाहला पंधरा दिवस उरले असताना मुलाची आई घरी आली. चहाचा कप घेता घेता तिनं जोहराचं बोट धरलं. धाग्यानं तिथं बारीक चर पडला होता.

‘निकाहच्या बाद हे धागे-बिगे नक्को,’ ती म्हणाली. ‘लोकां बोलतेत, सुनेला कामाला धाडलं म्हणून.’

जोहरानं ट्रे खाली ठेवला. घरात बाप होता, चुलता होता, शेजारच्या दोघी-तिघी होत्या. त्या सगळ्यांच्या देखत ती म्हणाली, ‘मग सून बी नक्को म्हणा.’

रिश्ता तिथंच मोडला. बाप तिच्याशी आठ दिवस बोलला नाही. नवव्या दिवशी दुकानातून येताना त्यानं एक चाती, चरख्याची सूत गुंडाळायची सळई, आणली. ती जोहराचीच होती, वाकून कित्येक दिवस कोनाड्यात पडून असलेली. त्यानं ती घड्याळाच्या हत्यारांनी ठोकून सरळ केली होती. ‘बघ, नीट फिरते का,’ एवढंच म्हणून तो हातपाय धुवायला गेला.

त्यानंतर दोन रिश्ते आले, दोन्ही घरांनी तोच सवाल केला आणि दोन्ही घरांना तोच जवाब मिळाला. मग येणं थांबलं. धाकट्या भावाचं, वाजिदचं लग्न झालं. त्या लग्नात एका नातेवाईक बाईनं जिवणी वाकडी करून विचारलं, ‘जोहरा, आता तुझं कसं व्हायचं गं?’

‘तुमचं झालं तसं न होवो,’ जोहरा म्हणाली आणि बिर्याणीचं पातेलं उचलून पुढं गेली.

अशी उत्तरं देणाऱ्या बाईला काही वाटत नाही, असं लोकांना वाटतं. तिला वाटायचं. गल्लीतल्या पोरींना मेंदी लावताना, कुणाच्या बाळंतपणात रात्र जागवताना वाटायचं. केंद्रात नवी बाई आली आणि तिनं ‘मालक काय करतेत?’ असं सहज विचारलं की तिच्या हातातला धागा हमखास तुटायचा. पण तुटलेला धागा जोडायला तिला डोळे लागत नसत. वाजिदला मुलगी झाली, कहकशां, तेव्हा भावजय लई दिवस आजारी होती. जोहराबीनं ती तान्ही पोर पाठीशी बांधून केंद्रात नेली. चरख्याच्या घरघरीत पोर गाढ झोपायची. घरी आवाज थांबला की रडायला लागायची.

ही कहकशां आता नांदेडला बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होती. विषय इंग्रजी. घरात इंग्रजी शिकणारी पहिलीच. आणि जे काही घडलं ते तिच्याच हातून, तिच्या इंग्रजीनं घडलं.

गेल्या जानेवारीत लातूरला टाऊन हॉलच्या मैदानावर हातकामाचं पाच दिवसांचं प्रदर्शन भरलं. कंधारच्या केंद्राला पहिल्यांदाच स्टॉल मिळाला. नवे व्यवस्थापक आनंदराज सर वर्षभरापूर्वीच आले होते. माणूस वाईट नव्हता. फक्त वरून फोन आला की खुर्चीतून उभं राहून बोलायचा. त्यांनी फर्मान काढलं की स्टॉलवर इंग्रजी बोर्ड पाहिजे, बाहेरचे लोक येतात.

‘कहकशां लिहिते की,’ जोहराबी अभिमानानं म्हणाली.

सुट्टीवर आलेल्या कहकशांनं बसल्या बैठकीला ओळ लिहून दिली. आनंदराज सरांनी ती वाचली, मान हलवली आणि नांदेडहून फ्लेक्स छापून आणला. निळ्या रंगावर पांढरी मोठी इंग्रजी अक्षरं होती: ‘स्पन बाय द स्पिन्स्टर्स ऑफ कंधार’. केंद्रातल्या बायकांनी त्याच्यापुढं उभं राहून फोटो काढले. सिंधुबाई, जोहराबीच्या शेजारच्या चरख्यावरची, जवळच्या खेड्यातून रोज येणारी शेतकऱ्याघरची बाई, तिनं तर आपला फोटो नवऱ्याला, रामकिशनला, लगोलग धाडला.

लातूरला जोहराबी, सिंधुबाई धरून पाच जणी गेल्या. आनंदराज सर होतेच. बरोबर कहकशांही, कारण बोलायला कुणीतरी हवं. मैदानाशेजारच्या शाळेतली एक वर्गखोली उतरायला मिळाली. पहिल्या दिवशी सकाळी जोहराबीनं पेटी-चरखा उघडला, कापसाचा पेळू हातात घेतला आणि कातायला सुरुवात केली. गर्दी जमली. तिला बरं वाटलं.

लातुरात शिकवण्यांना आलेली पोरं-पोरी रस्तोरस्ती असतात. अकराच्या सुमारास त्यांचा एक घोळका स्टॉलपाशी आला. पाठीवर दप्तरं, हातात मोबाइल. एक उंच, चष्मेवाली पोरगी बोर्ड वाचून खुदकन हसली. तिनं दुसरीला दाखवला. मग सगळेच हसायला लागले. चष्मेवालीनं मोबाइल वर धरला आणि बोर्डापासून सुरू करून एकेका बाईच्या तोंडावरून फिरवला. जोहराबीला वाटलं, आपल्या कामाचा व्हिडिओ काढतायत. तिनं पदर सारखा केला आणि धागा जरा लांब ओढून दाखवला.

दुपारपर्यंत तो व्हिडिओ कंधारला पोचला होता. त्यावर कुणीतरी मराठीत लिहिलं होतं: ‘लग्न जुळवायचंय? कंधारच्या स्टॉलवर या. म्हातारा माल, शुद्ध खादी.’

पहिला फोन सिंधुबाईला आला. रामकिशनचा आवाज चार हातांवरून ऐकू येत होता. ‘सिंधु, मी जित्ता हाय ना गं? का मेलो? तुला बिनलग्नाची करून बोर्ड लावलाय तितं!’

दुसरा फोन आनंदराज सरांना आला आणि ते उभे राहून बोलले. फोन ठेवला तेव्हा त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. ते सरळ कहकशांपुढं येऊन उभे राहिले.

‘स्पिनर्स लिहायचं होतं, स्पिनर्स! एवढं बी.ए. करून राहिलीस, एवढं कळत नाही? साऱ्या जिल्ह्यात हसं झालं आमचं.’

कहकशांनं मोबाइलवर शब्द शोधला, वाचला आणि मोबाइल पालथा केला.

‘काय लिवलंय गं?’ जोहराबीनं विचारलं.

‘काही नाही, फुप्पी. चुकलं माझं.’

‘चुकलं ते कळलं. अर्थ काय हाय?’

बाकीच्या बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. त्या चौघींनाही नवरे होते, एकीचा वारला असला तरी लग्न झालं होतं. जोहराबीला सगळ्यांचे डोळे आपल्याकडं वळताना दिसले.

‘सांग,’ ती म्हणाली. ‘चाळीस साल ऐकून राहिले मी. इंग्रजीत काय नवं असणार हाय?’

‘लग्न न झालेली बाई,’ कहकशां पुटपुटली. ‘वय झालेली. चांगल्या अर्थानं नाही म्हणत कुणी.’

खरं सांगायचं तर जोहराबीला व्हिडिओचं दुःख नव्हतं. लोक हसतात, लोक विसरतात. पण जिला पाठीशी बांधून वाढवलं तिच्याच हातानं हा शब्द आपल्या डोक्यावर, एवढ्या मोठ्या अक्षरांत टांगला गेला, हे तिच्या आत कुठंतरी जाऊन बसलं. ती पेळू खाली ठेवून उठली, नळावर गेली, तोंडावर पाणी मारलं आणि परत येऊन कातायला बसली. धागा तीनदा तुटला.

आनंदराज सरांनी बोर्ड उतरवला. गुंडाळून टेबलाखाली सारला.

संध्याकाळी वर्गखोलीत बायकांनी पिठलं-भाकरी केली. कहकशां जेवली नाही. भिंतीला टेकून मोबाइलमध्ये डोकं घालून बसली होती. मधेच नाक ओढायची, मधेच काहीतरी वहीत उतरवायची. जोहराबीनं तिच्यापुढं ताट सरकवलं.

‘खा. रडायचं तर खाऊन रड.’

‘फुप्पी, मी उगीच नव्हतं लिहिलं. गाण्याला साँग, गाणाऱ्याला साँगस्टर. यंगवरून यंगस्टर. म्हणून मी स्पिनवरून स्पिन्स्टर केलं. कातणारी. वाटलं, असाच शब्द असेल.’

‘मग न्हाई का तसा?’

कहकशांनं मान वर केली. ‘तेच तर. होता! आधी तोच अर्थ होता. सहा-सातशे वर्षांपूर्वी स्पिन्स्टर म्हणजे सूत कातणारी बाई. तिचा धंदा. बाकी काहीच नाही.’

सिंधुबाई भाकरी थापता थापता थांबली.

‘जुन्या इंग्रजीत बाईच्या कामाला हे ‘स्टर’ लागायचं,’ कहकशां वहीत बघून सांगायला लागली. आता तिचा आवाज सावरला होता. ‘वेबस्टर म्हणजे विणणारी. ब्रूस्टर म्हणजे दारू गाळणारी. बॅक्स्टर म्हणजे रोटी भाजणारी. आता ही नुसती आडनावं राहिलीत, पुरुषांचीसुद्धा. पण मुळात ती बायकांच्या कामाची नावं.’

‘रोटी भाजणारीला बी नाव?’ सिंधुबाईनं तव्यावरची भाकरी उलथली. ‘आन् आमाला जनमभर कुणी इचारलं न्हाई.’

बायका हसल्या. कहकशांलाही हसू आलं.

‘अजून ऐका मावशी. स्पिंडल म्हणजे आपली चाती, ती याच घरातली. आणि स्पायडर, तो जाळ्यातला कोळी, तोही याच शब्दाचा नातलग. स्पायडर म्हणजे कातणारा.’

‘मंग त्यात नवं काय?’ सिंधुबाई म्हणाली. ‘आमच्याकडं त्याला कातीणच म्हणतेत की. घराच्या आढ्याला कातीण झाली, झाडू घे, असंच म्हणती माझी सासू.’

आयुष्यभर तोंडात असलेला शब्द. पण तो आपल्याच कामावरून आला असेल, हे त्या पाचांपैकी एकीच्याही ध्यानात कधी आलं नव्हतं. कुठं लांबचे इंग्रज आणि कुठं सिंधुबाईची सासू. जाळ्यातला जीव बघून दोघांनाही कातणंच आठवलं होतं.

‘आणि वाईफ म्हणतात ना,’ कहकशां म्हणाली, ‘तिचाही अर्थ आधी नुसता बाई असा होता. नवऱ्याचा त्याच्याशी संबंध नव्हता. तो नंतर चिकटला.’

‘तो चिकटतोच,’ एकजण म्हणाली आणि पुन्हा हसू फुटलं.

जोहराबी हसली नाही. ती विचारात पडली होती. ‘मग बिघडवला कुणी?’ तिनं विचारलं. ‘शब्द चांगला व्हता. कातणारी. मग त्याचं हे असं का झालं?’

कहकशांनं वाचलं होतं ते तिला समजेल असं सांगितलं. त्या काळी बिनलग्नाच्या बाईला स्वतःचं पोट भरायला कातण्याचं काम हाताशी असायचं. कोर्टाच्या, चर्चच्या कागदांवर नावापुढं धंदा लिहीत: अमका लोहार, अमका सुतार. तसं बाईच्या नावापुढं स्पिन्स्टर. हळूहळू लग्न न झालेल्या प्रत्येकीच्याच नावापुढं तो शब्द लिहायला लागले, ती कातो न कातो. चरखा मागं पडला. शब्द राहिला.

जोहराबीनं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, ‘म्हणजे बाईचं काम कागदावरून गेलं, अन् नवरा न्हाई एवढंच उरलं.’

‘हाव, फुप्पी.’

‘लोहाराचं न्हाई गेलं?’

‘नाही. लोहार लोहारच राहिला.’

जोहराबीनं ताटातली भाकरी संपवली, हात धुतले आणि वळकटी पसरली. झोपायच्या आधी तिनं कहकशांच्या डोक्यावरून हात फिरवला. ‘तू चुकली न्हाईस. तू सहाशे साल उशिरा आलीस, एवढंच.’

दुसऱ्या दिवशी सकाळी, मैदान उघडलं तसं जोहराबीनं टेबलाखालचा फ्लेक्स ओढून काढला. खुर्चीवर चढली. गुडघे कुरकुरले, पण चढली. एक टोक स्वतः बांधलं, दुसरं टोक धरायला कहकशांला सांगितलं. दोन बायका पुढं आल्या नाहीत. ‘आपा, राहू द्या ना,’ त्यातली एक म्हणाली, ‘घरी तोंड द्यावं लागतं आम्हाला.’ जोहराबीनं तिच्याकडं रागानं पाहिलं नाही. ‘तू मागं बस. माझ्या नावावर जाऊ दे,’ म्हणाली.

आनंदराज सर चहा पिऊन आले आणि जागच्या जागी उभे राहिले.

‘जोहराबी! हे काय? काल काय ठरलं?’

‘तुमचं ठरलं व्हतं, सर. माझं न्हाई.’

‘आज दुपारी वरचे साहेब येणार आहेत. त्यांना हे दाखवायचं?’

‘दाखवा. अर्थ मी सांगते.’

‘अर्थ अख्ख्या जगाला माहीत आहे!’ सरांचा आवाज चढला. ‘उतरवा तो बोर्ड. मी व्यवस्थापक आहे इथला.’

‘हाव. अन् मी कातणारीण हाय,’ जोहराबी खुर्चीवरूनच म्हणाली. ‘बोर्डावर माझं नाव हाय, सर. तुमचं न्हाई. अन् छापायच्या आधी तुम्हीच वाचून पास केलता.’

आजूबाजूच्या स्टॉलवरची माणसं बघायला लागली. सरांनी फ्लेक्सच्या दोरीला हात घातला. तेवढ्यात सिंधुबाई मधे येऊन उभी राहिली. तिचं तोंड पांढरं पडलं होतं, पण ती हलली नाही.

आणि त्याच वेळी गर्दीतून रामकिशन पुढं आला. सकाळच्या पहिल्या बसनं तो अहमदपूरमार्गे लातूरला येऊन धडकला होता, बायकोला घरी न्यायला. धोतराला बसची धूळ, डोळ्यांत रात्रीचा राग.

‘अजून हायच का ह्यो बोर्ड?’ तो कडाडला.

‘हाय,’ सिंधुबाई म्हणाली. ‘आन् ऱ्हाणार. त्याचा अर्थ कातणारी. मूळचा. आपली कातीण हाय ना, तसं. पोरीनं सगळं वाचून काढलंय. मी कातते का न्हाई? तुमच्या अंगात ही जी बंडी हाय, ती कशाची हाय?’

रामकिशननं स्वतःच्या बंडीकडं पाहिलं. मग बोर्डाकडं पाहिलं. तो इंग्रजी वाचणारा माणूस नव्हता, आणि भर मैदानात बायकोशी भांडायलाही तो आला नव्हता, हे त्याला आत्ता कळलं.

‘मंग तसं मराठीत लिवा की खाली,’ तो शेवटी म्हणाला. ‘मान्सानं समजायचं कसं?’

कहकशांनं शेजारच्या स्टॉलवरून जाड स्केचपेन आणला. पुठ्ठ्यावर ठळक अक्षरांत लिहिलं: ‘स्पिन्स्टर म्हणजे सूत कातणारी. हा या शब्दाचा पहिला अर्थ. आम्ही त्याच.’ रामकिशननं पुठ्ठा सुतळीनं बोर्डाखाली बांधला, गाठ ओढून बघितली आणि घोटभर पाणी मागितलं. आनंदराज सर निघून गेले. पण जाताना मोबाइलवर बोर्डाचा फोटो काढून गेले, हे जोहराबीनं पाहिलं.

दुपारी वरचे साहेब आले नाहीत, पण कालचा घोळका पुन्हा आला. चष्मेवाली पोरगी पुठ्ठा वाचत उभी राहिली. तिचं हसू अर्ध्यात थांबलं होतं.

‘ये हिकडं,’ जोहराबीनं बोलावलं. ‘कालचा व्हिडिओ तुझा का?’

पोरगी बिचकली. ‘हो. पण ते खाली लिहिलेलं माझं नव्हतं.’

‘दाखव मला.’

पोरीनं नाइलाजानं मोबाइल पुढं केला. जोहराबीनं तो डोळ्यांपासून लांब धरला आणि पूर्ण बघितला. बोर्ड, मागचं हसणं, सिंधुबाईचं तोंड, मग स्वतःचं तोंड, स्वतःचा पदर सारखा करणारा हात. सगळं संपेपर्यंत तिच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. तिनं मोबाइल परत दिला.

‘ह्याच्यात सूत दिसत न्हाई,’ ती म्हणाली. ‘परत काढ.’

‘काय?’

‘परत काढ म्हणते. तोंड नको काढू. हात काढ. जवळून काढ.’

पोरगी गुडघ्यांवर बसली. जोहराबीनं पेळू धरला, डाव्या हातानं ओढत नेला, उजव्यानं चाक फिरवलं. कापसातून धागा निघत राहिला, केसाएवढा बारीक, कुठं गाठ नाही, कुठं फुगीर नाही. हात न थांबवता जोहराबी बोलली, ‘मी जोहराबी. कंधारची. माझं लग्न झालं न्हाई, कारण मला हे सोडायचं नव्हतं. ज्याला हसायचं त्यानं हसावं. पण एवढा धागा काढून दाखवावा, मग हसावं.’

पोरीनं तो व्हिडिओही टाकला. पहिला जितका फिरला तितका हा फिरला नाही. कंधारच्या काही लोकांनी तो पाहिला, काहींनी पाहून न पाहिल्यासारखं केलं. एकदोघांनी टोमणाही मारला की म्हातारीला नट्यांसारखं बोलायला आलं.

चौथ्या दिवशी एक बाई काठी टेकत आल्या. सत्तरीच्या, कडक इस्त्रीची सुती साडी, कानांत काही नाही. त्यांनी बोर्ड वाचला, पुठ्ठा वाचला आणि कहकशांला विचारलं, ‘हे कुणी शोधलं?’

‘मी, मॅडम.’

‘बरोबर आहे,’ त्या म्हणाल्या. मग जोहराबीसमोरच्या खुर्चीवर बसल्या. ‘मी महामाया. इथंच लातुरात मुलींच्या शाळेत बत्तीस वर्षं इंग्रजी शिकवलं. भावानं घराचे कागद केले तेव्हा वकिलानं माझ्या नावापुढं हाच शब्द टाकला होता. मी हेडमिस्ट्रेस होते त्या वेळी. ते नव्हतं लिहिलं.’

‘मग तुम्ही काय केलं?’

‘सही केली,’ महामायाबाई म्हणाल्या. ‘मला अर्थ माहीत होता, जुना आणि नवा, दोन्ही. तरी गप्प बसून सही केली.’ त्यांनी वर बोर्डाकडं पुन्हा पाहिलं. ‘तुम्ही बांधलात ते चांगलं केलंत.’

जोहराबीनं नुकतीच गुंडाळलेली सुताची लडी उचलून त्यांच्या हातात दिली. महामायाबाईंनी ती शिक्षिकेसारखी उजेडात धरून तपासली आणि मान डोलावली. त्या दोघी नंतर बराच वेळ बोलत बसल्या. गुडघ्यांबद्दल, भावांबद्दल, मोतीबिंदूबद्दल. कहकशां मधे पडली नाही.

कंधारला परतल्यावर आठवड्यानं केंद्राच्या पत्त्यावर जोहराबीच्या नावानं नोटीस आली. व्यवस्थापकांचा आदेश मोडला, संस्थेची बदनामी केली, सात दिवसांत लेखी माफी द्यावी, नाही तर कामावरून कमी करण्यात येईल. आनंदराज सरांनी ती स्वतः आणून दिली. त्यांना ते आवडत नव्हतं, हे त्यांच्या मान खाली घालण्यावरून कळत होतं.

‘दोन ओळी लिहून द्या, जोहराबी,’ ते हळूच म्हणाले. ‘विषय संपेल. माझ्यावरही दबाव आहे.’

‘दोन लिवते,’ ती म्हणाली.

वाजिद घाबरला होता. एवढ्या वर्षांचं काम असं जायला नको, वाकलं तर काय बिघडतं, असं तो जेवताना दोनदा म्हणाला. जोहराबीनं त्याला आमटी वाढली. मग कहकशांला कागद घ्यायला लावला आणि सांगितलं तसंच लिहायला लावलं: ‘माफी मागण्यासारखं माझ्या हातून काही झालं नाही. माझ्या सुतात खोट असेल तर दाखवावी, मी घरी बसते.’ खाली तिनं स्वतः उर्दूत सही केली, सावकाश, एकेक अक्षर पुरं करत.

सात दिवस गेले. आठव्या दिवशी ती नेहमीसारखी डबा घेऊन गेली आणि खिडकीपाशी बसली. तिला कुणी उठवलं नाही. त्या दोन बायका, लातूरला मागं बसलेल्या, त्यांनी येऊन आपले चरखे तिच्या चरख्याजवळ सरकवले. नोटिशीचं पुढं काय झालं ते कुणालाच नीट कळलं नाही. कुणी म्हणतं, वरच्या साहेबांनी तिचा जबाब वाचून फाइल बंद केली. कुणी म्हणतं, आनंदराज सरांनी तो पुढं पाठवलाच नाही. जोहराबीनं विचारलं नाही.

बाजारात काही टवाळ पोरं तिला ‘स्पिन्स्टर आपा’ म्हणायला लागली. तिनं एकाला थांबवलं आणि दुसऱ्यांदा म्हणायला लावलं, नीट, उच्चार स्वच्छ करून. त्यानं म्हटलं. ‘हां, आता बरोबर,’ म्हणून ती भाजी घ्यायला गेली.

कहकशां नांदेडला परीक्षेला बसली आहे. पुढं एम.ए. करायचं म्हणते, शब्दांवरच. रामकिशन आता कधीमधी केंद्रात डोकावतो आणि नव्या माणसाला ‘ह्या स्पिन्स्टर’ म्हणून बायकांची ओळख करून देतो; सिंधुबाई त्याला हाकलून देते.

गेल्या सोमवारी कापसाचा नवा माल आला. आनंदराज सर उत्साहानं एक गड्डी घेऊन खिडकीपाशी आले. जोहराबीनं चिमूटभर कापूस ओढला, दोन बोटांत पिळला, उजेडाकडं धरला. कचरा होता, तंतू आखूड होता.

‘हे चालणार न्हाई, सर.’

‘वरून आलंय, जोहराबी. सगळ्या केंद्रांना हेच.’

‘मग वर परत धाडा,’ ती म्हणाली, आणि शिल्लक राहिलेल्या जुन्या मालावर तिचा चरखा पुन्हा सुरू झाला.